सात नंबरचा डबा

मला नोकरी लागली तेव्हा भंडाऱ्याजवळ शहापूरला आमच्या घरी पेढे वाटून झाले आणि शेजारच्या काकूंनी बाबांना विचारलं, "गुरुजी, पोरगी नागपूरले काय काम करते?" बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आमच्या घरात पगाराची पहिली नोकरी त्यांची, दुसरी माझी. त्यांनी उत्तरासाठी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "तळ्यातला गाळ तपासते." काकू म्हणाल्या, "त्याच्यासाठी बी.एस्सी. लागते?"

काकूंना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, म्हणून सावकाश सांगते.

झाडं फुलतात तेव्हा त्यांचे परागकण वाऱ्यावर उडतात आणि काही तळ्यात पडतात. कण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं टरफल फार चिवट असतं. गाळात दबला की हजारो वर्षं कुजत नाही. गाळ दर वर्षी थराथरानं बसत जातो. सर्वांत जुना तळाशी, कालचा वर. म्हणजे तळ्याचा तळ उभा कापता आला आणि प्रत्येक थरातले कण ओळखता आले, तर त्या त्या काळी आसपास रान होतं की गवताळ माळ, पाणी भरपूर होतं की नव्हतं, हे सांगता येतं. पाऊस मोजायचं यंत्र नव्हतं, लिहून ठेवणारा कोणी नव्हता, त्या काळाचा पाऊस असा हुडकायचा.

माझं काम हे कण वेगळे काढायचं आणि मोजायचं. चिमूटभर गाळ घ्यायचा, तो एकापाठोपाठ एक अशा आम्लांत उकळायचा. त्यातलं एक आम्ल काच खातं. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचा त्याच्या वाफेनं कायमच्या धुरकट झाल्या होत्या. शेवटी उरतो तो तपकिरी थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि तीनशे कण मोजून होईपर्यंत उठायचं नाही. सागाचा कण, मोहाचा कण ओळखू येतो. गवताचे आणि धानाचे मात्र इतके सारखे की वर्षानुवर्षं मोजूनही मी छातीठोकपणे सांगत नसे. संध्याकाळी खोलीवर परतताना रस्त्यावरचे दिवेसुद्धा मला गोल आणि काटेरी दिसत.

आमचे प्रमुख होते टेंभेकर सर. मूळचे पुण्याचे, उंच, किडकिडीत, पायात कायम कॅनव्हासचे बूट. कमी बोलत. इतर कुठल्याही साहेबाहून मी त्यांना जास्त घाबरत असे, कारण ते रागवत नसत. फक्त "पुन्हा मोजा" म्हणत.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. सरांना भंडाऱ्याकडच्या तळ्यांचा गाळ हवा होता. आमच्या भागात गावागणिक तळं. पण ती माणसांनी पार, म्हणजे मातीचा बांध, घालून केलेली, काही शतकांपूर्वीची. सरांना शंका होती की काही ठिकाणी लोकांनी आधीच असलेल्या खोलगट, पाणथळ जागेलाच पार घातली असणार. तसं असेल तर वरच्या गाळाखाली फार जुना गाळ मिळायला हवा. शोधता शोधता आम्ही आंबागड आणि नाकाडोंगरीच्या मधल्या एका लहानशा गावी पोचलो.

तिथं आम्हाला सखाराम ढिवर भेटला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मासेमारी आणि शिंगाडे यांवर त्याचं घर चाले. त्यानं दोन डोंगे, म्हणजे लहान होड्या, बांबूनं जोडून आम्हाला तरंगता माचा करून दिला. त्यावर उभं राहून आम्ही लोखंडी नळी गाळात रेटत होतो. पारेवर निम्मं गाव जमलं. आंबागड किल्ल्याखालचा मुलूख, त्यामुळं सगळ्यांना खात्री होती की आम्ही कुठल्या तरी राजाचं धन शोधतोय. धोतर नेसलेले एक म्हातारबुवा तीन दिवस रोज येऊन बसत आणि नळी वर आली की वाकून पाहत. चौथ्या दिवशी ते सखारामला म्हणाले, "हे लोक चिखलच नेऊन राहिले रे. खरंच चिखल नेऊन राहिले." आणि उठून गेले ते परत आले नाहीत.

नळी तीन-साडेतीन हात गेली आणि थबकली. खाली काहीतरी कडक होतं. सरांनी दोन दिवस खटपट केली, नळीचं तोंड वाकलं, आणि आम्ही परतलो. निघताना मी सखारामला आमचा पत्ता लिहून दिला.

"मामाजी, तळं कधी आटलं तर कळवा."

"बाई, असं वंगाळ नोको बोलू," तो म्हणाला. पण कागद त्यानं पागोट्यात खोवून ठेवला.

तीन-चार वर्षांनी त्याचं पोस्टकार्ड आलं. गावच्या मास्तरांच्या अक्षरात होतं, शब्द मात्र त्याचे. 'तळं आटलं. रोजगार हमीचं काम लागलं हाये. गाळ उपसून राहिले. तुमाले पायजेन तं लवकर या.'

सर कार्ड हातात धरून उभेच राहिले. ज्या गाळासाठी आम्ही नळी वाकवली होती तो घमेल्यांतून शेतात चालला होता.

"जिल्ह्याला पत्र लिहितो," ते म्हणाले. "महिनाभर काम थांबवायला सांगू."

मी पहिल्यांदाच त्यांना विरोध केला. "सर, दोन वर्षं धान झालं नाही. लोकांना काम पाहिजे, आणि तळं खोल झालं तर पुढं पाणी टिकेल. ते थांबवायचं म्हणजे..."

"तुम्ही त्या भागातल्या ना," ते म्हणाले. रागावून नाही. त्यांनी पत्राचा कागद बाजूला सारला. "मग उद्या तुम्ही जा. जे वाचवता येईल ते वाचवा. मी परवा येतो."

मी पत्र्याचे नऊ डबे घेऊन गेले. नागपुरात इतवारीतल्या कारागिराकडून करून घेतलेले, वीतभर लांब, एका बाजूनं उघडे. उभ्या कापलेल्या मातीत डबा ठोकायचा, मागून सुरीनं कापून अख्खा थर जसाच्या तसा काढायचा, वर कोणती बाजू ते दाखवणारा बाण लगेच डब्यावर काढायचा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळायचा. बाण सर्वांत महत्त्वाचा. माती एकदा डब्यात गेली की वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे ती स्वतः सांगत नाही.

तळ्यावर पोचले तर शे-दीडशे माणसं कामावर. मधोमध खोल खड्डा घेतला होता. आणि त्या खड्ड्यात, जिथं सगळं उपसलं होतं तिथं, मातीचे चार-पाच उभे खांब तसेच सोडलेले. माझ्या डोक्याहून हातभर उंच. त्यांना मटाम म्हणतात. किती खोल खणलं हे मोजता यावं म्हणून मूळ जमिनीचा तेवढा तुकडा शिल्लक ठेवतात. मोजणी झाली की पाडून टाकतात. मी एका मटामाजवळ गेले आणि वरून खाली पाहत आले. वर काळा गाळ, मग करडा, मग फिकट पिवळा, भेगाळलेला कडक थर, आणि त्याखाली पुन्हा काळाभोर. आमची नळी ज्या पिवळ्या थराला अडली होती त्याच्या खालचं सगळं समोर उभं होतं.

मुकादम रहांगडाले नावाचे गृहस्थ होते. मी त्यांना म्हटलं, "मोजणी झाल्यावर हा एक मटाम चार दिवस पाडू नका."

"कायले?"

मी समजावून सांगितलं. परागकण, थर, जुना पाऊस. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात सखाराम मागून आला.

"रहांगडाले भाऊ, बाईले त्या मातीत जुना दुकाळ पाहाचा हाये."

मुकादमांनी मटामाकडं पाहिलं, भोवतीच्या कोरड्या तळ्याकडं पाहिलं. "पाहा मंग," ते म्हणाले. "चार दिवस."

त्याच दुपारी खड्ड्याच्या तळाशी सखारामला काहीतरी सापडलं. काळ्या मातीच्या ढेकळातून त्यानं ते नखानं सोडवलं आणि माझ्या हातावर ठेवलं. कोळशासारखं काळं, दोन शिंगं असलेलं.

"काय आहे, मामाजी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईला हे कळू नये याचं त्याला आश्चर्य वाटलं असावं. "सिंगाडा हाये, बाई. रानातला. लावलेला नाई."

शिंगाडा पाण्याशिवाय होत नाही. पिवळ्या थराच्या खाली शिंगाडा, म्हणजे पार बांधायच्या कितीतरी आधी इथं तळं होतं. मग ते आटलं होतं, पुरतं आटलं होतं. पिवळा थर त्या कोरड्या काळाचा. आणि नंतर पाणी परत आलं होतं. एवढं त्या माणसाच्या एका शब्दानं कळलं. सर आले तेव्हा त्यांनी तो शिंगाडा रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवला आणि दिवसभर मधूनमधून खिसा चाचपत राहिले. संध्याकाळच्या एसटीनं ते नागपूरला परतले.

डबे मी वरून खाली काढत आले. वरच्यासाठी दगडांची चळत करून तिच्यावर उभी राहिले. खरं तर एकाचं टोक दुसऱ्यावर चढवून घ्यायला हवं होतं, म्हणजे जुळवता येतं. पण डबे नऊच, म्हणून एकाखाली एक लावले आणि दोन डब्यांमध्ये बोटभर माती सुटत गेली.

तिसऱ्या दिवशी, दुपार चढली होती, मी सातवा डबा कापून काढला. पिवळा थर जिथं संपतो आणि वरचा करडा गाळ जिथं सुरू होतो, नेमकी ती जागा. तिथं दोन्ही रंग एकमेकांत कालवलेले, वीतभर सगळं एकसारखं मळकट. म्हणजे पाणी परत आलं तो काळ. डबा खाली ठेवला, पेन्सिल हातात घेतली, आणि मागं घमेलं पडल्याचा आवाज झाला. एक बाई उतारावर कोसळली होती. ती सखारामची बायको, पार्बता. पेन्सिल टाकून मी धावले. तिचं अंग भट्टीसारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे. सखाराम तळ्याच्या दुसऱ्या टोकाला होता. आम्ही तिघी-चौघींनी तिला उचलून पारेवरच्या जांभळीखाली नेलं. माझी पाण्याची कळशी, डबे ओले ठेवायची फडकी, सगळं तिच्या अंगावर रिकामं केलं. तासाभरानं तिनं मला ओळखलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं लुगडं चिखलानं भरलं." तेव्हा मी रडले.

परत आले तर माझे डबे जागेवर नव्हते. उन्हात राहू नयेत म्हणून कुणीतरी मायेनं उचलून मटामाच्या सावलीत रचून ठेवले होते. सहा डब्यांवर बाण होते. सातव्यावर नव्हता. मी तो समोर धरला. दोन्ही टोकांची माती दबलेली, सारखीच दिसत होती. डबा रचताना जसा ठेवला होता तीच वरची बाजू असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि बाण काढला. मग आठवा आणि नववा कापला.

हे मी कुणाला बोलले नाही. खोटं बोलले असंही तेव्हा वाटलं नाही.

नागपूरला परतल्यावर मोजणी सुरू झाली. सातव्या डब्याला पावसाळा निम्मा सरला. आकडे कागदावर मांडले तेव्हा सर खुर्चीतून उठले. डब्यातला खालचा भाग ओला होता: शिंगाडा, लव्हाळे, पाणवनस्पती. वरचा भाग कोरडा, नुसतं गवत. आणि सहाव्या डब्यात पुन्हा पाणी. म्हणजे पाणी एकदा आलं, येऊन परत गेलं, आणि मग दुसऱ्यांदा आलं ते टिकलं.

"असं कुणी दाखवलेलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. त्या हिवाळ्यात एका मोठ्या परिषदेत ते हेच मांडणार होते. त्यांनी आलेख स्वतःच्या हातानं काढायला घेतला.

आठ दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. डबा उलटा असेल तर गोष्ट साधी होती: खाली कोरडं, वर ओलं, पाणी एकदाच आलं आणि राहिलं. डबा सुलटा असेल तर सर म्हणत होते ते खरं. कोणतं खरं हे माझ्या एका बाणावर होतं, आणि तो बाण मी अंदाजानं काढला होता. पुन्हा माती आणावी तर तळं भरलं होतं, मटाम केव्हाच पाडला गेला होता. गप्प राहिले असते तर जगात कुणालाही कधी कळलं नसतं.

नवव्या दिवशी मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

ते आलेखाकडं पाहत राहिले. "बाण काढलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"बरोबर आहे असं वाटलं होतं."

"आणि आता?"

"आता ठाऊक नाही, सर."

त्यांनी खोडरबर घेतलं आणि आलेखातली ती वीतभर रेघ पुसायला लागले. नीट, सावकाश, कागद न फाटू देता. पुसून झाल्यावर मोकळ्या जागेच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'नमुना ग्राह्य नाही.' मग चष्मा काढून म्हणाले, "त्या बाई बऱ्या आहेत ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले. "आठवा डबा पुन्हा मोजा."

परिषदेत त्यांनी मोकळ्या जागेसकट आलेख दाखवला. कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. त्यांच्या निरोपसमारंभात मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, आणि बसले.

नोकरीत पुढं मी पुष्कळ तळी पाहिली, पुष्कळ डबे कापले, नव्या मुलामुलींना शिकवलं. आता लोक म्हणतात की यंत्रं आली, सगळं सोपं झालं. झालं असेल. मला अजून त्या मटामासमोर उभं राहावंसं वाटतं. पंधरा मिनिटं मिळाली तरी पुरे.

शिंगाड्याचं वय काढायला आम्ही थोडी काळी माती दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत धाडली होती. तिचं उत्तर यायला इतकी वर्षं गेली की ऐंशीचं दशक निम्मं सरलं. उत्तर आलं त्या आठवड्यात सुट्टी टाकून मी तुमसरची एसटी धरली. सरांना पत्र लिहिलंच, पण तोंडानं सांगावं असं माणूस त्या गावात होतं.

सखाराम पारेवर जाळं विणत बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बोटांनीच गाठी मारत होता. मी हाक मारली तेव्हा त्यानं तोंड वळवलं आणि आवाजावरून ओळखलं. "चिखलवाली बाई," तो म्हणाला. पार्बता घरातून उकडलेले शिंगाडे घेऊन आली. माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला.

"तवा मायामुळं तुमच्या कामाचा खोळंबा झाला असंन, बाई. मी लय डाव मनलं यायले, बाईले पत्र टाका."

"नाही हो मामी," मी म्हटलं. "काही खोळंबा झाला नाही."

खोटं बोलताना एवढा हलका जीव माझा कधीच झाला नाही.

मग मी सखारामला सांगितलं. तुम्ही दिलेला शिंगाडा तुमच्या आजा-पणजाच्या, गावच्या, किल्ल्याच्या, सगळ्यांच्या आधीचा आहे. तेव्हा इथं मोठं पाणी होतं. मग पाऊस उणावत गेला, तळं आटलं, आणि एकदोन वर्षं नाही, माणसांच्या कितीतरी पिढ्या इथं पाणी नव्हतं. आणि मग परत आलं.

तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. समोर तळं भरलेलं होतं. दूर दोन पोरी डोंग्यात बसून शिंगाड्याच्या वेली उलट्या करीत होत्या. त्याला ते दिसत नव्हतं, पण तोंड तिकडंच होतं.

"तवा इथी मानसं होती का, बाई?"

"असतील. मला सांगता येत नाही, मामाजी. गाळात झाडं दिसतात, माणसं दिसत नाहीत."

"पानी गेल्यावर थे कोठी गेली असतीन?"

मी पार्बताकडं पाहिलं.

त्याचा थोरला मुलगा भिलाईला गेला होता, धाकटा नागपूरला. पार्बतानं ते मला आल्या आल्या सांगितलं होतं. बोटं जाळ्याची सुटलेली गाठ शोधत राहिली.

"सारे नसतीन गेले," तो शेवटी म्हणाला. "कोनी तं रायलं असंन. नाईतं पानी परत आलं तवा पाह्यलं कोनं?"